गोडं पेट्रोल

"काका, तुमच्या गॅरेजमध्ये मुलगी चालेल का?"

पैज होती म्हणून विचारलं. नाहीतर असा प्रश्न कुणी असा विचारतं का? टिकली आणि गोगलगाय, माझ्या दोन जिवलग मैत्रिणी, समोरच्या भिंतीआड दप्तरात तोंड खुपसून उभ्या होत्या. वाक्य त्यांनीच तयार केलेलं. "अगदी हेच शब्द हं, एक इकडचा तिकडे नाही," असं टिकलीने तीनदा बजावलं होतं. मला आधी त्यातली मेख कळलीच नव्हती. तोंडातून बाहेर पडल्यावर कळली, म्हणजे फार उशिरा.

भुर्रकाका एका गाडीखाली आडवे होते. बाहेर फक्त बूट दिसत होते. उत्तर बुटांकडूनच आलं.

"धक्का मारावा लागत नसेल तर चालेल."

भिंतीआड फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. ती गोगलगाय. तिला हसू दाबता येत नाही.

"तसं नाही काका! कामाला. म्हणजे शिकायला. सुट्टीत."

बूट हलले. मग चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकून अख्खे भुर्रकाका सरकत बाहेर आले. मिशीला ग्रीस लागलेलं. माझ्याकडे खालून वर बघत म्हणाले, "पेट्रोलवर चालते की डिझेलवर?"

"आईच्या ओरडण्यावर."

"वा! म्हणजे इंधन संपायची भीती नाही."

भुर्रकाकांचं खरं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. कुणीही गाडी घेऊन आलं की हात लावायच्या आधी ते मालकाला म्हणतात, "आवाज काढून दाखवा." मग इस्त्रीचा शर्ट घातलेली मोठमोठी माणसं त्यांच्या दारात उभी राहून "भुर्र, भुर्र, खॅक, भुर्र" करतात. शाळेतून येता-जाता आम्ही हे फुकटात बघतो. आमचे मुख्याध्यापकसुद्धा एकदा तिथे उभं राहून मनापासून "टुकटुकटुक फट्" करत होते. त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटत नाही.

खरं तर हल्ली मला कुणाचीच फारशी वाटत नाही. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. यंदा शाळेच्या कार्यक्रमात माईक बंद पडला, सगळे एकमेकांकडे बघत बसले, आणि मी स्टेजवर चढून मागची सुटलेली वायर नीट खोचली. चालू झालाय का हे बघायला "हॅलो" म्हटलं आणि माझा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेला. तेव्हा जे तोंड उघडलं ते अजून बंद झालेलं नाही, असं आई म्हणते. पण मला माझ्या आवाजापेक्षा जास्त आवडली ती त्याच्या आधीची 'खट्' अशी बारीक खूण. मेलेलं काहीतरी जिवंत झाल्याची. ती पुन्हा पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून मला ही सुट्टी गॅरेजात घालवायची होती. पैज निमित्ताला होती, हे मैत्रिणींना ठाऊक नव्हतं.

"तुमचा मुंगळा कुठाय?" भुर्रकाकांनी विचारलं. "बऱ्याच दिवसांत चढावर दिसला नाही."

"आजारी आहे."

"आवाज काढ."

मी दप्तर खाली ठेवलं, हँडल धरल्यासारखे हात पुढे केले आणि काढला. "भुऽऽर्र, भुर्र, भुप्, भुप्, फूऽऽस."

ते कान देऊन ऐकत होते. हसले नाहीत. "आवाज बरा काढतेस. मग अट ऐक. सुट्टी लागायच्या आत मुंगळा चालवत माझ्या दारात आण. ढकलून नाही, ओढून नाही आणि मला विचारून तर मुळीच नाही. आणलास तर सुट्टीभर ये."

"आणि नाही जमलं तर?"

"तर जागा दुसऱ्याला. एकच आहे, आणि विचारून गेलेले दोघं आहेत. त्यांना असं 'चालेल का' विचारता आलं नाही, म्हणून तुला आधी संधी." एवढं बोलून ते परत गाडीखाली गेले.

---

मुंगळा म्हणजे आमची छोटी एटीव्ही. चार जाडजूड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, एकाच माणसाची सीट आणि मागे ट्रॉली जोडायचा हुक. आमची रोपवाटिका आहे. कुंड्या, मातीची पोती, खताच्या पिशव्या सतत इकडून तिकडे न्यायच्या असतात, आणि ते सगळं मुंगळा ओढतो. म्हणजे ओढायचा. आताशा तो सुरू व्हायचा खरा, पण ट्रॉली जोडली की धापा टाकायचा आणि मागे निळसर धुराची शेपटी सोडायचा. आधी ट्रॉली अर्धी भरायला लागलो, मग त्याच्याही निम्मी. शेवटी आत्या कुंड्या कडेवर घेऊन फिरायला लागली. एक या कडेवर, एक त्या.

"जुळी झालीत मला," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "रात्री रडत नाहीत, तेवढं बरं आहे."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आधी एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळायची, यंदापासून आमच्याकडे राहून रोपवाटिकेत हात लावते. मुंगळा तिचा भारी लाडका. सीटवर बसायच्या आधी त्याला थोपटते.

बाबांचं निदान ठरलेलं होतं. "पिस्टनच्या रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे इंजिन आतलं तेल जाळतंय. म्हातारा झाला तो. सुट्टीत भंगारात देऊ आणि हातगाडी घेऊ."

"मग ती हातगाडी तूच ओढ," आत्या म्हणाली.

मी गॅरेजातून घरी आले आणि सरळ मुंगळ्यापाशी जाऊन बसले. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, इथवर बाबांचं बरोबर होतं. पण तेल येतंय कुठून? रिंगा झिजल्या असतील तर खालून, इंजिनातून. आणि रिंगा चांगल्या असतील तर? मग वरून, पेट्रोलबरोबर.

मुंगळा थंडगार होता. त्याला उघड्यावर आणलं, टाकीचं झाकण काढलं, आत एक काडी बुडवली आणि एक थेंब गणिताच्या जुन्या पेपरवर टाकला. त्या पेपरचा याहून चांगला उपयोग होण्यासारखा नव्हता. शेडमध्ये आमचे पेट्रोलचे दोन कॅन असतात, अगदी सारखे. त्यातल्या एकावर बाबांनी पांढऱ्या रंगाने मोठ्ठं 'गोडं' असं लिहिलंय. त्यातला एक थेंब शेजारी टाकला आणि वाट बघत बसले. 'गोडं'चा थेंब बघता बघता उडून गेला, कागद कोरा. टाकीतला थेंब उडाला, पण मागे हिरवट, चकचकीत डाग राहिला. तळणीखालच्या कागदावर राहतो तसा. बोटाने चोळला तर बोट घसरत होतं.

"बाबा! पेट्रोलमध्ये तेल आहे!"

"इंजिनात असतंच तेल."

"इंजिनात नाही हो, पेट्रोलमध्ये!"

आता इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे गवत कापायचं एक यंत्र आहे, खांद्याला अडकवून चालवतात ते. त्याच्या पेट्रोलमध्ये थोडं तेल मिसळावंच लागतं, तशीच त्याची बनावट आहे. मुंगळ्याला मात्र निव्वळ पेट्रोल. म्हणून दोन कॅन. मिश्रण बाबा स्वतः करतात, डोळ्यांच्या अंदाजाने, आणि तेल ओतताना त्यांचा हात चांगलाच सैल आहे.

बाबांनी डाग बघितला, कागद नाकाशी नेला, आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं, "मुंगळ्यात पेट्रोल कोण भरतं?"

"मी," आत्या म्हणाली. "आणि तू सांगितलंस अगदी तसंच भरते. मुंगळ्याला साधं. तेलाचं ते गवतवाल्याचं, त्याला तू भरतोस."

"कुठल्या कॅनमधलं?"

"ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही त्यातलं. साध्यावर कशाला कोण काय लिहील?"

"अगं, दुसऱ्यावर एवढं मोठ्ठं 'गोडं' लिहिलंय, ते दिसलं नाही?"

"दिसलं की! म्हणूनच त्याला हात लावला नाही. गोडं म्हणजे गोडंतेल. तेल घातलेलं."

बाबांनी कपाळाला हात लावला. "गोडं म्हणजे गोडं पाणी! ज्यात काही मिसळलेलं नसतं ते!"

"दादा, पेट्रोल तू विहिरीतून उपसतोस का?"

"लहानपणी आपल्याकडे खाऱ्या विहिरीला खारी आणि चांगल्या विहिरीला गोडी म्हणायचे की नाही?"

"म्हणायचे. पाण्याला म्हणायचे. मी इतकी वर्षं डब्यांनी गोडंतेल ओतलंय कढयांमध्ये, मला डब्यावर 'गोडं' दिसलं की दुसरं काय सुचणार?"

आई हे सगळं रोपांना पाणी घालता घालता ऐकत होती. ती एरवी आत्याला नावाने हाक मारते, पण थट्टा करायची असली की 'वन्सं' म्हणते. "वन्सं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा यांनी मला 'गोडी वही आण' म्हणून सांगितलं होतं. मी घरभर शोधली. कोरी वही हवी होती साहेबांना."

बाबा हसू आवरत होते. आत्याने मात्र मुंगळ्याच्या सीटवर हात ठेवला. "म्हणजे मीच त्याला पाजत होते होय गं? आणि वर रोज थोपटत होते."

"आत्या, अजून काही बिघडलेलं नाही," मी म्हणाले. हे मला माहीत नव्हतं, पण माझ्या नव्या आवाजात ते खरं वाटलं. "आणि गवतवाल्याचं पेट्रोल बाबाच भरतात ना? त्यात चुकून साधं गेलं असतं तर तो कायमचा जाम झाला असता. मुंगळ्याला नुसता खोकला झालाय."

---

मग पुढचे सगळे उद्योग माझे. बाबांनी फक्त शेजारी उभं राहायचं, असं ठरलं. ते शेजारी उभे राहिले आणि अखंड बोलत राहिले.

खालची नळी सोडून टाकी रिकामी केली. जे निघालं ते एका तिसऱ्या कॅनमध्ये, आणि त्यावर आईने रंगाने लिहिलं, 'कशालाच नाही'. आमच्या घरात आजवर एवढं स्पष्ट कुणी काही लिहिलं नव्हतं. मग प्लग काढला. तो काळाकुट्ट आणि ओलाचिंब, काजळीत बुडवून काढल्यासारखा. ठिणगी पडणार तरी कशी त्यातून? त्याच्या जागी नवा बसवला, आधी हाताने फिरवत, मग पान्याने जरासा आवळून. कार्बोरेटरच्या तळाशी एक छोटी वाटी असते. टाकी रिकामी केली तरी त्या वाटीत जुनं पेट्रोल दडून बसतं, आणि नेमकं तेच आधी इंजिनात जातं. तिचा स्क्रू सोडून तीही रिकामी केली. आत पेट्रोल सोडणारा पितळेचा एक चिमुकला जेट असतो, त्याचं भोक केसाएवढं. तो उजेडाकडे धरून बघितला. पलीकडे आत्याचा एक डोळा दिसला.

"दिसतंय का गं?"

"तू दिसतेस."

"मग स्वच्छ असेल."

बाबांनी स्वतःच्या हाताने 'गोडं'मधलं पेट्रोल काठोकाठ भरलं. मी बटण दाबलं. एकदा खोकला, पांढरट धुराचा एक ढग सोडला आणि मग भुर्रर्रर्र! असा गोल, भरीव आवाज, की मी सीटवरच उड्या मारल्या. आत्याने टाळ्या वाजवल्या. मी लगोलग शेडला एक चक्कर मारून आले. धूर नाही, धाप नाही.

"बघितलंस? रिंगा शाबूत आहेत," बाबा म्हणाले. जसं काही हे तेच आधीपासून म्हणत होते.

आणि मग ते आत जाऊन खोकी बंद करायची रुंद तपकिरी चिकटपट्टी घेऊन आले. टाकीच्या झाकणावर एक आडवी, एक उभी, मग कडेने गोल अशी त्यांनी ती गच्च चिकटवली. "आता मला विचारल्याशिवाय यात एक थेंब पडायचा नाही. पट्टी फाटलेली दिसली की मला कळेल."

"लाखेचा शिक्का पण मार," आत्या म्हणाली. "आणि शेजारी पहारेकरी बसव."

"तुझ्यासाठीच आहे ते."

"हो, हो. कळतं मला."

---

भुर्रकाकांच्या गॅरेजला जायला मोठ्या रस्त्याला लागावंच लागत नाही. आमच्या मागच्या फाटकातून कच्ची वाट निघते, थोडी सपाट जाते आणि मग एकदम चढाला लागून वर थेट त्यांच्या दारात संपते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी हेल्मेट घातलं, टिकली आणि गोगलगाय मागून पळत निघाल्या, आणि आत्याने फाटकात उभं राहून असा हात हलवला की मी जणू सातासमुद्रापार निघाले होते.

सपाटीवर मुंगळा नुसता नाचत होता. चढ लागला. अर्धा चढ झकास गेला. मग एकाएकी इंजिन मऊ पडलं. भुर्र, भुप्, भुप्. मी ॲक्सिलरेटर पिळला तर उलट आणखीच गळाला. फूऽऽस. बंद.

मागून टिकली धापा टाकत आली. "काय गं, पोचलीस?"

"दिसत नाही का तुला?"

"मला वाटलं, देखावा बघायला थांबलीस."

वरून, गॅरेजच्या दारातून, भुर्रकाका ओरडले, "क्लच सरकतोय!"

"मी विचारलं नव्हतं हं!" मी खालून ओरडले. "तुम्हीच सांगितलंत! अट मोडली नाही!"

जरा वेळाने तो परत सुरू झाला, थोडा पुढे गेला आणि पुन्हा गळाला. ब्रेक धरत धरत त्याला मागे, खाली आणला. घरी तर तज्ज्ञांची सभाच भरली होती. बाबा म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, रिंगा?" आत्या म्हणाली, कुठेतरी तेल उरलं असणार, तिला आतून वाटतंय. आई म्हणाली, "त्याला जरा विश्रांती द्या आणि हिलाही." मी पुन्हा प्लग काढून बघितला. कोरडा, छान तांबूस. वाटी पुन्हा रिकामी केली, जेट पुन्हा उजेडाला धरला. सगळं स्वच्छ. पुन्हा चढाला लावला. पुन्हा अर्ध्यात फूऽऽस.

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं, की जागा गेली. सगळं नीट करूनही न जमणं फार वाईट असतं. काही चुकलं असतं तर निदान ते दुरुस्त करता आलं असतं. मी मागच्या पायरीवर हातपाय न धुता बसून राहिले आणि मनात पुन्हा पुन्हा तोच चढ चढत राहिले. क्लच असेल तर तो चढावरच सरकेल, सपाटीला नाही. रिंगा असतील तर धूर येईल. धूर येत नाही. मग चढावर असं काय होतं, की...

चढावरच होतं का पण?

हे मी तपासलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी रविवार होता, शाळा नव्हती. मी मुंगळ्याला चढाकडे नेलंच नाही. शेडमागच्या सपाट जागेत गोल गोल फिरवत बसले. टिकली आणि गोगलगाय उलट्या ठेवलेल्या कुंड्यांवर बसून बघत होत्या.

"हिला चक्कर आलीये की मुंगळ्याला?" टिकलीने विचारलं.

गोल, गोल, गोल आणि मग भुप्, भुप्, फूऽऽस. सपाटीला! ट्रॉली नाही, ओझं नाही, चढ नाही!

"अगं, बंद पडला!" मी आनंदाने किंचाळले.

"हिचं डोकं फिरलंय," टिकली म्हणाली.

"चढाचा संबंधच नाही! काही वेळ छान चालतो, मग गळतो. जरा थांबलं की परत चालतो. म्हणजे बिघडलेलं असं काही नाही. काहीतरी हळूहळू अडतंय." पण काय? टाकी भरलेली. नळी मोकळी. पेट्रोल आहे, वाट आहे, तरी वाटीत उतरत नाही?

गोगलगाय तेवढ्यात पाणी पीत होती. तिची ती पातळ प्लास्टिकची बाटली, आणि तिची ती पद्धत. बाटली तोंडाला घट्ट लावते आणि सोडतच नाही. बाटली कुरकुरली, आत ओढली गेली, चपटी झाली, आणि पाणी यायचं थांबलं. मग तिने ओठ सोडले, हवा आत गेली, 'गुडुप्' झालं आणि बाटली पुन्हा फुगली.

मी बघतच राहिले.

"पुन्हा पी."

"झालं माझं पिऊन."

"पुन्हा पी म्हणते ना!"

"अगं, पोट फुटेल!"

"पी!"

बिचारी प्यायली. बाटली चपटी झाली, पाणी थांबलं. मी उठले आणि मुंगळ्याच्या टाकीकडे बघितलं. तपकिरी चिकटपट्टी. एक आडवी, एक उभी, कडेने गोल.

"बाबाऽऽ!"

बाबा हातात रोपं घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, मी पडले. मागून आत्या, तिच्या मागून पाण्याचा पाइप ओढत आई.

"बाबा, तुमची परवानगी हवीये. पट्टी काढायची."

"का? पेट्रोल तर भरलंय."

"बघा तर."

मी नखाने टोक सोडवलं आणि एका ओढीत सगळी पट्टी काढली. सुस्सऽऽऽ! टाकीने एवढा लांब श्वास आत घेतला, की तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक होतं. टाचणीचं डोकं जाईल न जाईल एवढं.

"पेट्रोल खाली उतरलं की तेवढी हवा वरून आत यायला हवी," मी म्हणाले. "ती या भोकातून येते. तुम्ही ते बंद केलंत. पेट्रोल बाहेर यायला बघत होतं आणि टाकी त्याला आत ओढून धरत होती."

मग आत्याने पदराने चेहरा पुसला, पट्टीचा चुरगळलेला गोळा माझ्या हातातून घेतला, आणि फार प्रेमाने बाबांच्या हातावर ठेवला.

"दादा, मी निदान त्याला प्यायला काहीतरी दिलं. तू तर नाकच दाबून धरलंस."

बाबा आधी लाल झाले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग रोपं खाली ठेवून ते कुंडीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आत्या हसली, आई हसली. गोगलगायीला हसता येईना, तिच्या पोटात फार पाणी होतं.

---

मी वेळ घालवला नाही. हेल्मेट, हातमोजे, फाटक. सपाटी गेली, चढ लागला, आणि जिथे तो दरवेळी गळायचा ती जागा आली. मी श्वास रोखून धरला. मुंगळ्याने नाही धरला. भुर्रर्रर्र करत तो ती जागा ओलांडून गेला, जणू ती इतर जागांसारखीच एक. शेवटचा टप्पा तर इतका उभा होता, की मी हँडलवर वाकून जवळजवळ त्याच्या कानात बोलत होते.

भुर्रकाका दारातच होते. मी थांबले, पण इंजिन बंद केलं नाही. मुद्दामच.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "क्लच बदललास?"

"क्लच चांगला आहे."

"मग?"

"बाबांनी झाकणाला चिकटपट्टी लावली होती. टाकीला हवाच मिळत नव्हती." आणि मग मी सगळं सांगितलं. गोडं, गोडंतेल, गोडं पाणी, गणिताचा पेपर, गोगलगायीची बाटली.

"मी क्लच म्हणालो होतो ना?" त्यांनी मिशी चोळली. ग्रीस आणखी पसरलं. "बरं झालं, मला विचारायला मनाई केली होती. फुकट उघडून बसलो असतो." मग दाराच्या आत हात करून म्हणाले, "तो तिसरा खिळा तुझा. हेल्मेट तिथे टांगायचं. केस बांधून यायचं, बांगड्या-बिंगड्या नाहीत, आणि पायात बूट हवेत. आणि घरी सांगून ये. मला मागाहून भांडणं नकोत."

"चालेल," मी म्हणाले, आणि त्या शब्दावर आम्ही दोघंही एकदमच हसलो.

खाली येताना उतारावर मला गायचं होतं, पण वारा तोंडात शिरत होता. फाटकात आत्या ट्रॉली घेऊन तयारच उभी होती. तिने आधी मुंगळ्याला थोपटलं आणि मग मला, त्याच हाताने.

संध्याकाळी जेवायला बसलो. ट्रॉलीभर कुंड्या जागेवर गेल्यामुळे सगळे खुशीत होते. आत्या आडवी पडून जेवायचं म्हणत होती आणि आई तिला उठवून बसवत होती. बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि म्हणाले, "आता सुट्टीतल्या गणिताच्या वर्गाचं बघायला हवं. शेजारच्या बाई सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा घेतात म्हणे."

"सकाळी," मी म्हणाले.

"दोन्ही वेळा जाशील तर पुढच्या वर्षी..."

"नाही बाबा." मी ताट जरा बाजूला सारलं, कारण हातवारे केल्याशिवाय मला हल्ली बोलता येत नाही. "आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. सकाळी मी गणिताला जाणार आणि नीट करणार, तो पेपर परत थेंब टाकायला देणार नाही. पण दुपारपासून संध्याकाळपर्यंत, सुट्टीभर, मी भुर्रकाकांच्या गॅरेजला जाणार. त्यांनी हो म्हटलंय. दहावीनंतर मी काय करणार ते मला विचारू नका, ते मलाही अजून माहीत नाही. हे मात्र पक्कं माहीत आहे. आणि बाबा, तुमचा तो निळा जुना शर्ट मी कामाला घेतलाय. त्याला आता ग्रीस लागणार, तेव्हा तो तुम्हाला परत मिळणार नाही."